अस्वलाच्या बागेचा स्टॉप

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज नको त्या स्टॉपवर उतरले. चांगली शुद्धीत असताना! इतकी वर्षं हेलसिंकीत याच ट्रामनं कामावर जातेय, डोळे मिटून बसले तरी हाकानिएमीचा बाजार आला हे मला कळतं. आणि उतरले कुठं, तर एक स्टॉप आधी, दगडी अस्वलाचा पुतळा आहे त्या अस्वलाच्या बागेपाशी.

झालं ते असं. ट्राम गच्च भरलेली. मी नेहमीच्या खिडकीशी. एक गृहस्थ येऊन शेजारी बसले. दुसरीकडं जागाच नव्हती, त्यामुळं त्यात काही वावगं नाही. साठीच्या आसपासचे. विटकरी मफलर, स्वच्छ नखं. दोघंही समोरच्या माणसाच्या टोपीकडं बघत बसलो होतो, सगळं रीतसर. मग माझी बोटं गारठली म्हणून मी पिशवीतनं हातमोजे काढून चढवले. एवढंच माझं चुकलं! आपल्याकडं खिडकीजवळच्यानं हातमोजे चढवले म्हणजे त्याला उतरायचंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "जरा उठता का" असं परक्या माणसाला तोंडानं म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून तर ही सोय. त्यांनीही माझं बघून आपले हातमोजे चढवले आणि अस्वलाची बाग येताच उठून बाजूला उभे राहिले. अगदी अदबीनं.

आता काय करणार? बसून राहिले असते, तर एका भल्या माणसाला उगाच उठवल्यासारखं झालं असतं. "मला इथं नाही उतरायचं" म्हणावं, तर अख्ख्या ट्रामनं ऐकलं असतं. म्हणून उतरले. खालनं पाहिलं तर ते पुन्हा जागेवर बसले होते. म्हणजे त्यांना पुढं जायचं होतं. ट्राम गेली आणि मी उतारावरनं धडपडत कामावर पोचले. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते मी, पण स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली की ही अशी गत!

बुधवार, ८ नोव्हेंबर

तेच गृहस्थ. तीच जागा. अस्वलाच्या बागेला ते उठले! काल इथं उतरलेली बाई आज इथं उतरणार, असंच कुणीही धरून चालेल. आता न उतरावं तर कालचं नाटक उघडं पडतं.

उतरले.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

पुन्हा उतरले. उद्या शनिवार आहे, देवाची कृपा.

रविवार, १९ नोव्हेंबर

कुओपिओहून रायलीचा फोन. थोरली बहीण असल्यामुळं ती फोनवर नमस्कार-चमत्कार करत नाही, थेट हुकूम सोडते. तिच्या खालच्या खोलीतला भाडेकरू वसंतात जाणार. खोलीला चूल आहे, खिडकीतनं तळं दिसतं. मी तिथं राहायला यावं.

"तिथं हेलसिंकीत तुला ओळखतं कोण, इर्मे? उद्या घरात पडलीस तर कुणाला पत्ता लागेल का?"

"कामावर लागेल."

"कामावर! दोन वर्षांत निवृत्त होशील. मग?"

मग काय, ते मला ठाऊक नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन विचारायचं म्हणजे बोलणं आलं. मैत्रिणी होत्या, त्या लेकीसुनांकडं पांगल्या. जिन्यात शेजारी भेटतात, म्हणजे दाराच्या भोकातनं बघून ते निघून जाईपर्यंत मी थांबते आणि मी निघून जाईपर्यंत ते थांबतात.

"एप्रिलअखेर काय ते सांग," रायली म्हणाली. "नाहीतर मी दुसरा भाडेकरू बघते."

तिला ट्रामची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. "मग सांग ना त्या बाप्याला, की पुढं उतरायचंय!" दोन आठवडे उतरून झाल्यावर आता कसं सांगणार? तो म्हणेल, मग इतके दिवस काय करत होतीस बाई? रायलीला ते कळत नाही. ती कुओपिओत राहून फार बोलकी झालीय.

बुधवार, ६ डिसेंबर

स्वातंत्र्यदिन. सुट्टी. संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. समोरच्या इमारतीतही घरोघरी दोन दोन. कुणी कुणाला ओळखत नाही, पण मेणबत्त्या सगळ्यांच्या एकाच वेळी लागल्या.

सुट्टी असून सकाळपासनं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कशामुळं ते इथं लिहिणार नाही.

सोमवार, ११ डिसेंबर

हद्द झाली!

शाळांना काहीतरी होतं म्हणून आज ट्राम जवळजवळ रिकामी. मागच्या बाजूला एक आजी आणि तिचा कुत्रा, दाराशी एक झोपलेला तरुण, आणि मी. बाकी सगळ्या जागा मोकळ्या. मफलरवाले चढले. पाहिलं, सगळीकडं पाहिलं. आणि येऊन माझ्याशेजारी बसले!

मला दरदरून घाम फुटला. जागा मोकळी असताना शेजारी बसायचं म्हणजे वेडा, दारुडा किंवा परदेशी. हे तिन्ही नाहीत. मागची आजी कुत्र्याच्या कानात काहीतरी कुजबुजली, ते आमच्याविषयीच असणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि बाहेर काय होतं ते विचाराल तर शपथ घेऊन सांगते, काहीही दिसलं नाही.

अस्वलाच्या बागेला ते उठले, मी उतरले. उतारावर बर्फ होता, पण मी चांगली झपाझप चालले. कामावर मालक म्हणाले, "आज गाल लाल दिसतायत, ताप आहे का?" म्हटलं, थंडी.

गुरुवार, २१ डिसेंबर

एक माणूस चढला आणि मोठ्यानं म्हणाला, "सगळ्यांना सुप्रभात!" ट्राममध्ये! लोक फोनमध्ये घुसले, एका बाईनं पिशवीतनं पावत्या काढून वाचायला घेतल्या, एक गृहस्थ तर पुढच्या स्टॉपवर उतरूनच गेले. तो बिचारा रायलीकडचा, सावो भागातला असावा, तिकडं अशी माणसं असतात. मला त्याची दया आली, पण दया आली म्हणून उत्तर थोडंच द्यायचं असतं!

तेवढ्यात शेजारनं बारीकसा आवाज आला. नाकातनं हसल्याचा. मी खिडकीच्या काचेत पाहिलं आणि त्याच वेळी त्यांनीही काचेत पाहिलं. काचेतल्या काचेत आमची नजरानजर झाली. दोघांनी लगेच नजर काढून घेतली.

डोळे करडे आहेत.

शुक्रवार, ५ जानेवारी

थंडीनं कहर केलाय. नाकातले केस गोठतात. अस्वलाच्या बागेपासनं बाजारापर्यंतचा उतार म्हणजे नुसती काच झालीय. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधते आणि मान खाली घालून, पायाकडं बघत, एकेक पाऊल टाकत उतरते. आजूबाजूला कोण आहे, कुठली दुकानं आहेत, काही दिसत नाही. दिसतात फक्त माझे बूट. आणि शेजारनं माझीच ट्राम खडखडत उतारावरनं जाते, माझ्याच कामाच्या जागेसमोर थांबायला, मला सोडून.

रायली म्हणते, "अगं, दुसऱ्या ट्रामनं जा. पाच-दहा मिनिटं उशिरा नीघ."

खरंच की! हे मला कसं सुचलं नाही? सुचलं होतं. सुचून दीड महिना झाला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मलईच्या पावांचा मंगळवार, ईस्टरच्या उपवासांआधीचा. ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या हातात पावांचा खोका. मफलरवाल्यांच्या मांडीवरही एक खोका होता. झाकण पारदर्शक. आत पाव दोन! बदामाचं सारण घातलेले, वर मलईचा ढीग. दोन म्हणजे एक कुणासाठी तरी. बरोबरच आहे, असणारच कुणीतरी. तो खोका ते सगळा रस्ता हातानं इकडं तिकडं सरकवत होते, एकदा तर माझ्या बाजूला इतका सरकला की माझ्या कोटाला लागला. मी अंग चोरून बसले. परक्या माणसाचा पाव चिरडायचा नाही मला.

दुपारी मीही एक विकत घेतला. फार गोड होता. अर्धा टाकला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पडले. उतारावर, मध्यावर. मनगट मुरगळलंय, हाड शाबूत आहे. डाव्या हातानं लिहितेय. एका पोरीनं आणि एका पाववाल्यानं उचललं. दोन आठवडे घरी बसायला सांगितलंय.

रविवार, १८ फेब्रुवारी

रायली फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "कुणी भेटायला आलं का गं?"

मालकांनी फोन केला होता, कवळ्यांचे साचे कुठं ठेवलेत ते विचारायला. बाकी कुणी नाही. स्वयंपाकघरात एका हातानं डब्याचं झाकण उघडेना म्हणून मी तिथंच उभी राहून रडले. असं रडणं मला आवडत नाही, पण रडले.

रायलीला म्हटलं, "येते मी. वसंतात. खोली ठेव माझ्यासाठी."

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा कामावर. मनगटाला पट्टा. चांगला कोट घातला होता, कारण विचारू नये.

मफलरवाले चढले. माझ्याशेजारची जागा मोकळी. त्यांनी मला पाहिलं, मनगटाकडं पाहिलं, आणि सरळ मागं जाऊन बसले. पार मागच्या बाकावर!

अस्वलाच्या बागेला मला उठवायला कुणी नव्हतं. थेट बाजारापर्यंत बसून गेले. हिवाळाभर ज्यासाठी तडफडत होते ते मिळालं, आणि जीव असा काही खट्टू झाला की सकाळभर कुणाशी बोलले नाही. एरवीही बोलत नाही, पण आज मुद्दाम.

मंगळवार, ५ मार्च

मागं. मागं वळून बघणं शोभत नाही, पण चढताना दिसलं.

शुक्रवार, ८ मार्च

मागं. बरं झालं. आता जायला मोकळी. रायलीला कळवलं की सामानाची गाडी ठरव. पुस्तकांची खोकी भरायला घेतली.

गुरुवार, १४ मार्च

हे सगळं नीट लिहून काढलं पाहिजे.

आज संध्याकाळी गल्लीतल्या सार्वजनिक सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात गेले. मनगटाला शेक बरा. बायकांची बाजू, वरच्या पायरीवर आम्ही सहासात जणी, अंधार, वाफ. सौनात कसं, अंगावर कपडा नाही म्हटल्यावर तोंडालाही कुलूप राहत नाही. ट्राममध्ये ज्या बायका एकमेकींकडं बघायच्या नाहीत, त्या इथं एकमेकींना नवऱ्याची मूळव्याध सांगतात. माझ्या पलीकडं एक जाडजूड बाई बसली होती, लेम्पी म्हणून. बोलण्यावरनं कारेलियाकडची, म्हणजे बडबडी, सांगायलाच नको. ती म्हणाली:

"काय सांगू बायांनो, आमच्या दिरांनी जीव नकोसा केलाय. तोर्स्ती. सरळ माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हिवाळाभर ट्राममध्ये एका बाईशेजारी बसायचे. पहिल्यांदा गर्दी होती म्हणून. मग गर्दी नसताना सुद्धा!"

"अगं बाई! गर्दी नसताना?" खालच्या पायरीवरनं कुणीतरी म्हणालं.

"तर काय! साठ वर्षांत पहिल्यांदा एवढं धाडस केलं त्यांनी. आणि ती बया काय करायची ठाऊक आहे? हे शेजारी बसले की एक स्टॉप आधी उतरून जायची! जायचं असायचं बाजारात, यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तिला तिथल्या इमारतीत शिरताना. पण यांच्याशेजारी एक स्टॉपभर जास्त बसावं लागू नये म्हणून त्या बर्फातनं चालत जायची!"

माझ्या अंगावर काटा आला. सौनात! एवढ्या वाफेत!

"मलईच्या पावांच्या दिवशी हे दोन पाव घेऊन गेले. एक तिला द्यायला. खोका तिच्याकडं सरकवतायत, सरकवतायत, ती आपली अंग चोरतेय. शेवटी दोन्ही पाव स्वतःच खाल्ले आणि पोट धरून बसले."

"मग?"

"मग काय, दोन दिवसांनी ती बाई उतारावर पडली. यांच्या डोळ्यांदेखत. हे रस्त्याच्या पलीकडं उभे."

"आणि गेले नाहीत उचलायला?"

"कसे जाणार? ज्या माणसाला टाळण्यासाठी ती चालत होती, तोच धावत उचलायला गेला तर तिला काय वाटेल? पोरंबिरं धावली म्हणून बरं. तेव्हापासनं यांनी मनाला लावून घेतलंय. म्हणतात, माझ्यापायी ती बाई पडली. आता मागं बसतात, म्हणजे तिला निवांत जाता येईल. जेवण गेलंय त्यांचं."

"दगड असेल ती बाई," एक जण म्हणाली.

"धोंडा," दुसरी म्हणाली.

सगळ्यांनी आळीपाळीनं काहीबाही म्हटलं. मग माझ्याकडं बघून थांबल्या. मीच राहिले होते. म्हटलं, "हो ना. काय एकेक माणसं असतात!" आणि निखाऱ्यांवरच्या दगडांवर दोन पळ्या पाणी ओतलं. वाफ इतकी उठली की सगळ्या खाली पळाल्या. मी तिथंच बसून राहिले.

तोर्स्ती. चांगलं नाव आहे.

शुक्रवार, १५ मार्च

त्यांना सांगायलाच हवं. वाक्य तयार केलं: "मी तुम्हाला टाळत नव्हते, मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी उठलात." कामावर टेबलावर मांडलेल्या कवळ्यांसमोर म्हणून पाहिलं. सगळ्या दात विचकून बसल्या होत्या. वाक्य फार लांब आहे. लहान केलं: "मला बाजारात उतरायचं असतं." हे तिथं म्हणायचं कसं, हा प्रश्न आहेच.

सोमवार, १८ मार्च

मी केलं! म्हणजे बोलले नाही, पण केलं.

मागच्या दारानं चढले. ते मागच्या बाकावर, खिडकीशी. ट्राममध्ये ढीगभर जागा. मी गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी श्वास रोखून धरला, मला ऐकू आलं.

वाक्य काही तोंडातनं निघालं नाही. मग ठरवलं, करून दाखवायचं. अस्वलाची बाग जवळ आली. त्यांनी लगबगीनं हातमोजे चढवले, म्हणजे मला उतरायची आठवण करून देत होते, बिचारे. मी हललेसुद्धा नाही. पाय फाकून, पिशवी मांडीवर दाबून, खिळा ठोकल्यासारखी बसले. बघा, मी उतरत नाही! बघा, मी तुमच्याशेजारी बसून बाजारापर्यंत जाऊ शकते! ते एकदा जरासे उठल्यासारखे झाले, मग पुन्हा बसले. दार मिटलं. त्यांनी हळूहळू हातमोजे काढले.

बाजाराला मी उतरले, मान ताठ, मागं न बघता. त्यांना कळलं असणार. कळलंच असणार.

बुधवार, २० मार्च

तसंच. त्यांनी हातमोजे चढवले, मी बसून राहिले, त्यांनी काढले. आता ही आमची एक गंमतच झालीय. आज ते जरासे हसलेही.

मंगळवार, २६ मार्च

तसंच! आज त्यांनी हातमोजे चढवलेच नाहीत. नुसती माझ्याकडं बघून मान हलवली. दोन माणसांत याहून जास्त काय बोलणं व्हायला हवं, मला कळत नाही.

पुस्तकांची खोकी दारातच पडलीयत. रोज त्यांना ठेचकाळते.

सोमवार, १ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. रायलीचा फोन. गाडी कुठल्या तारखेला सांगू? मी म्हटलं, बघू. "बघू म्हणजे?" मग सगळं सांगावं लागलं. सौनातलं, पावांचं, मी शेजारी बसल्याचं. वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली,

"इर्मे, तू पडलीस तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडं उभा होता ना?"

"हो, असं ती म्हणाली."

"पण तो तर ट्राममध्ये बसून पुढं गेला होता ना? मग रस्त्यावर काय करत होता?"

खरंच की! आणि हा प्रश्न मला आपण होऊन पडला नव्हता, त्याचं जास्त वाईट वाटलं. रायली म्हणाली, "तू ये बाई इकडं. तुझ्या डोक्याला हवाबदल हवाय. पंधरा तारखेच्या आत गाडीचं सांग."

मंगळवार, ९ एप्रिल

बर्फ गेला. बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यांवर टाकलेली खडी झाडायला घेतलीय, सगळीकडं धूळच धूळ. पण चालताना पायाकडं बघावं लागत नाही.

आज बाजाराला उतरले आणि रायलीच्या त्या प्रश्नानं पाय अडखळले. थांबून मागं वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोर्स्तीही उतरले होते. आणि रस्ता ओलांडून उलट दिशेनं, उतार चढून चालले होते! मला काही कळेना. मग मी अशी गोष्ट केली की जी मी कुणालाच सांगणार नाही: त्यांच्या मागोमाग गेले. या बाजूच्या फुटपाथवरनं, पोस्टाच्या पेटीआड थांबत, कामाला उशीर होत असताना.

ते अस्वलाच्या बागेपर्यंत चढून गेले. स्टॉपच्या अगदी समोर तसबिरींना चौकटी करून देणारं एक दुकान आहे. त्यांनी खिशातनं किल्ली काढली, कुलूप उघडलं, दारावरची पाटी फिरवून 'उघडे आहे' केली. दुकान त्यांचंच! हिवाळाभर मी त्या दुकानासमोर उतरत होते, आणि मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

बागेतल्या बाकावर बसून डोकं धरलं. पहिल्या दिवशी ते माझ्यासाठी उठलेच नव्हते. त्यांना तिथं उतरायचं होतं! हातमोजे त्यांनी स्वतःच्या उतरण्यासाठी चढवले होते. पण शेजारची बाई उतरायला उठली म्हटल्यावर तिच्या पाठोपाठ कसं उतरणार? तिला वाटेल, मागं लागलाय. म्हणून बसून राहिले, पुढच्या स्टॉपला उतरले आणि मागं चालत आले. मीही तेच केलं असतं. कुठलाही सभ्य माणूस तेच करील. सगळा हिवाळा त्या एका रस्त्यावर मी या बाजूनं उतरत होते आणि ते त्या बाजूनं चढत होते. मी मान खाली घालून आणि ते माझ्याकडं बघत.

आणि गेले तीन आठवडे! माझ्याशेजारी बसायला त्यांना अजून आवडतं हे कळावं म्हणून ते मान हलवत होते, आणि मी रोज वाट अडवून त्यांना त्यांच्याच दुकानावरनं पुढं घेऊन जात होते. एकदाही त्यांनी "जरा उठता का" म्हटलं नाही. सौनातल्या बायका म्हणाल्या ते खोटं नाही. धोंडाच आहे मी.

रडू आलं आणि हसूही. शेजारच्या बाकावरची आजी आपल्या कुत्र्याला घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसली.

बुधवार, १० एप्रिल

मागचा बाक. मी त्यांच्याशेजारी. अस्वलाची बाग आली तशी मी उठून बाजूला उभी राहिले आणि तोंडानं, अख्ख्या ट्रामसमोर म्हणाले, "तुमचा स्टॉप आला."

सगळ्या माना वळल्या. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "आणि तुमचा?"

"पुढचा."

दार उघडलं. मिटलं. त्यांनी हातमोजे खिशात ठेवले.

"बसा," ते म्हणाले. "मला आता पुढचाच सवयीचा झालाय."

संध्याकाळी रायलीला फोन केला. म्हटलं, भाडेकरू बघ.